बट्टा नव्हे, बठ्ठा

आता आमच्या ऑफिसात सकाळी संगणक सुरू केला की तो सुरू होतो. यात सांगण्यासारखं काय, असं कोणाला वाटलं तर वाटू द्या. ज्यांनी बटण दाबून, चहा पिऊन, खाली टपरीवर जाऊन दुसरा चहा पिऊन वर आल्यावरही पडद्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' एवढंच पाहिलंय, त्यांना मी काय म्हणते ते बरोबर कळेल. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात आता एकच हिरवं चिन्ह असतं. मी बसमधून उतरून ऑफिसात आले की आधी त्याच्याकडे बघते, मग पर्स ठेवते, मग पाणी पिते. सुटल्यासारखं वाटतं हो, खरं सांगते.

मी राहते जळगावला, पिंप्राळ्यात, आणि नोकरी करते धुळ्याला, राज्य सरकारच्या एका खात्याच्या जिल्हा कार्यालयात. अप-डाऊन करते. नोकरी कंत्राटी, पण पदाचं नाव भारदस्त: तांत्रिक समन्वयक. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला की मी, नेट गेलं की मी, साहेबांच्या मोबाइलमध्ये नातवाचे फोटो दिसेनासे झाले तरी मीच. आणि जिल्हा नि तालुका मिळून जेवढे म्हणून संगणक आहेत, त्यांच्या सुरक्षेची जबाबदारीही माझ्याच गळ्यात.

त्या सुरक्षेनेच तर आमचा जीव घेतला होता.

झालं होतं असं. संगणक आले तेव्हा त्यांच्याबरोबर सुरक्षेचं एक सॉफ्टवेअर आलं. ते ठीक. पुढे कुठल्याशा योजनेचा निधी मार्चअखेर पडून होता, त्यातून दुसरं आलं. मग कुठल्या तरी ऑफिसच्या फायली कोणी बाहेरच्याने कुलूपबंद करून ठेवल्याची बातमी आली, त्या धास्तीने तिसरं. पेन ड्राइव्ह अडवायला एक. ई-मेल तपासायला एक. एक कशासाठी होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते रोज दुपारी न चुकता 'आपण सुरक्षित आहात' म्हणायचं. आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला मुंबईच्या मुख्य कार्यालयाने आणखी एक पाठवलं. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, प्रत्येकाचा अहवाल वेगळा, प्रत्येकाचा फोन घेणारा माणूस वेगळा, आणि तो फोन घेत नाही ही मात्र सगळ्यांची एकच तऱ्हा. एक ना धड, भाराभर चिंध्या!

लावायचा आदेश येतो. काढायचा आदेश कधीच येत नाही. मी हे वरती लिहून कळवलं, मीटिंगमध्ये बोलले, एकदा चिडून जरा मोठ्यानेही बोलले. सगळ्यांनी मान डोलावली. पण लावणाऱ्याचं नाव होतं, आणि काढल्यावर काही विपरीत घडलं तर काढणाऱ्याची मान अडकते. मग कोण कशाला सही करतोय?

आमच्या ऑफिसात हिशेबाचं टेबल सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे नाना म्हणतात. शिरपूरकडचे, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. त्यांनी या सॉफ्टवेअरांना नाव ठेवलं होतं, जावई. "सरकारचे जावई हे. येताना मानपान, आल्यावर पाटावर बसतील, जायचं नाव घ्यायचे नाहीत, आणि दोन जावई समोरासमोर आले की रुसणार." नानांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. यातली दोघं-तिघं एकमेकांनाच चोर समजायची. सकाळी संगणक सुरू झाला की एकामागून एक इशाऱ्याच्या चौकटी उघडत. लोक न वाचता त्यावर 'ठीक आहे' दाबत सुटत. खरा चोर दारात आला असता तर आम्ही त्यालाही 'ठीक आहे' म्हणून आत घेतलं असतं, पाणी विचारलं असतं.

बाकीच्यांनी आपापली वाट काढली होती. नानांनी तर त्यांच्या संगणकावरचे निम्मे जावई गुपचूप बंद करून ठेवले होते. विचारलं तर म्हणत, "झोपलेत बिचारे, उठवू नको." मी त्यांच्यावर ओरडायचे, ते ऐकायचे नाहीत. एकच टेबल असं होतं जिथे आलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर जसं सांगितलं तसं, जेव्हा सांगितलं तेव्हा चालू होतं. ते अक्कांचं टेबल.

अक्का म्हणजे आमच्या आवक-जावक विभागातल्या लिपिक. ऑफिसात येणारा-जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जायचा. त्यांचे यजमान याच ऑफिसात, याच टेबलावर होते. ते ऐन उमेदीत गेले आणि अक्का त्यांच्या जागेवर अनुकंपा तत्त्वावर लागल्या. तेव्हा खेड्यातून पहिल्यांदाच शहरात आलेल्या, बोलणं निव्वळ अहिराणी. पहिल्याच आठवड्यात 'आहे'ऐवजी त्यांच्या तोंडून येणाऱ्या 'शे'ला कोणी तरी हसलं. तेव्हापासून अक्कांनी आपली बोली चपलेबरोबर ऑफिसच्या पायरीवर काढून ठेवली. आत आल्या की इस्त्री केल्यासारखं मराठी. 'आपण बसावे, मी पाहून सांगते.' नाना त्यांना चिडवायचे, "अक्का, घरी पण नातवाले 'आपण जेवावे' म्हणता का?" अक्का हसायच्या, पण ऑफिसात 'शे' म्हणून तोंडातून जाऊ द्यायच्या नाहीत.

सगळ्यांना फिरत्या खुर्च्या आल्या तेव्हा त्यांनी घेतली नाही. यजमानांची लाकडी खुर्चीच ठेवली. मी एकदा म्हटलं, "अक्का, कंबर मोडेल तुमची." तर म्हणाल्या, "ही माझी नाही पोरी, त्यांची आहे. मी नुसती सांभाळते आहे."  त्यानंतर मी खुर्चीचा विषय पुन्हा काढला नाही.

शाळेतल्या मास्तरांनी लावून दिलेली जन्मतारीख एक जूनची, त्यामुळे अक्का मेअखेर निवृत्त होणार होत्या. निवृत्त होताना एक दाखला लागतो, की या कर्मचाऱ्याविरुद्ध कोणतीही चौकशी चालू अगर प्रस्तावित नाही. आमच्याकडे तो म्हणजे नुसता उपचार. साहेब चहा पिता पिता सही करतात.

संक्रांत होऊन थोडे दिवस झाले होते. तिळगुळाचे डबे अजून टेबलांवर होते. मुंबईच्या नव्या सॉफ्टवेअरने अक्कांच्या संगणकासमोर लाल खूण केली: या संगणकावरून माहिती बाहेर जात आहे. मी त्या दिवशी शिरपूरच्या तालुका कार्यालयात एक बंद पडलेलं यंत्र उघडून बसले होते. इकडे मुंबईहून तातडीची व्हीसी लागली, म्हणजे पडद्यावरची बैठक. आमचे साहेब कलेक्टर ऑफिसला गेलेले. खोलीत अक्का, नाना आणि शिपाई, एवढेच. पडद्यावरच्या मुंबईच्या अधिकाऱ्यांनी अक्कांना चार-दोन प्रश्न विचारले आणि बैठक संपली.

दोन-तीन दिवसांनी त्या बैठकीचं इतिवृत्त आलं. त्यातलं वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. 'संबंधित कर्मचाऱ्यांनी बट्टा असल्याचे स्वतः मान्य केले आहे, सबब प्राथमिक चौकशी करण्यात यावी.'

अक्कांनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाल्या, "पोरी, मी काय बोलले ते माझं मलाच आठवत नाही. पडद्यावर मोठे साहेब, मी इतकी घाबरले होते. पण मी मान्य कसं करीन? मी काही केलंच नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यांच्या नावाला कधी कोणी बोट लावलं नाही. आता लोक म्हणतील, नवऱ्याने कमावलं ते बायकोने जाता जाता घालवलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या बाईने ऑफिसचा टाचणीचा डबा कधी घरी नेला नाही, तिच्यावर माहिती चोरल्याचा संशय! मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आमचे साहेब सोलापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले, माणूस चांगला पण जपून पाऊल टाकणारा. म्हणाले, "मॅडम, मलाही पटत नाही. पण त्यांनी स्वतः मान्य केलंय म्हणे. मी काय करू?"

"मला त्यांचा संगणक तपासू द्या."

"तपासा. पण काही काढायचं नाही हं. काढायचा आपल्याला अधिकार नाही."

"काढत नाही, साहेब. दुरुस्ती करते. दुरुस्तीसाठी एकेक बंद करून बघावं लागतं, तेवढी परवानगी द्या." दुरुस्ती म्हटल्यावर साहेबांचा चेहरा उजळला. दुरुस्तीला सरकारात कोणी हरकत घेत नाही.

दिवाळीच्या दिव्यांची माळ पेटेनाशी झाली की आपण एकेक दिवा हलवून बघतो, तसं मी केलं. एक जावई बंद करायचा, थोडा वेळ थांबायचं, लाल खूण गेली का बघायचं, परत चालू करायचा. चौथा बंद केला आणि लाल खूण गेली. चालू केला, परत आली. मी नानांना हाक मारली, साहेबांना बोलावलं, त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवलं. तो चौथा म्हणजे मार्चअखेरच्या निधीतला. ज्या कंपनीने तो दिला तिच्याशी खात्याचा करार कधीच संपला होता. पण त्याला ते कोण सांगणार? तो बिचारा नेमून दिल्याप्रमाणे रोज संगणकावरच्या फायलींची यादी बाहेर, त्या जुन्या कंपनीकडे पाठवत होता. मुंबईच्या नव्या पहारेकऱ्याला एवढंच दिसलं की या घरातून रोज कोणी तरी पिशवी भरून बाहेर जातंय. एका पहारेकऱ्याने दुसऱ्याला पकडलं आणि चोर ठरवलं घरच्या बाईला.

"पण मग माझ्या संगणकाला का नाही पकडलं?" नानांनी विचारलं.

"कारण तुम्ही तो झोपवून ठेवलाय, नाना. आदेश मोडला म्हणून तुम्ही सुटलात. अक्कांनी पाळला म्हणून त्या अडकल्या."

नानांनी आपल्या संगणकाकडे एकदा वळून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच का?"

मी सगळं व्यवस्थित लिहून, पडद्याची चित्रं जोडून मुंबईला पाठवलं. मला वाटलं, झालं, सुटलो. कपाळ माझं! उत्तर आलं की तांत्रिक बाबीची नोंद घेण्यात आली आहे, तथापि संबंधित कर्मचाऱ्यांनी बट्टा असल्याचे स्वतः मान्य केले असल्याने त्याबाबत खुलासा आवश्यक आहे. म्हणजे यंत्र निर्दोष, बाई मात्र दोषी. अक्कांनी ते वाचलं आणि त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "मीच बोलले असेन काही तरी." स्वतःवरच संशय घ्यायला लागल्या होत्या. मला ते त्या लाल खुणेपेक्षा जास्त लागलं.

त्या संध्याकाळी मी बसमध्ये बसले ती धुमसतच. पारोळ्याला गर्दी चढली. लग्नाचे दिवस, पिशव्या, पेट्या, पोरंबाळं. दारात चेंगराचेंगरी. कंडक्टर मागच्या बाजूला तोंड करून ओरडला, "बठ्ठा मांगे सरका रे भो! बठ्ठा!"

बठ्ठा म्हणजे सगळे. सगळे मागे सरका.

मी कपाळावर हात मारून घेतला, तोही असा जोरात की शेजारी बसलेली म्हातारी दचकली. "काय व्हयनं वं ताई?" मी म्हटलं, "काही नाही हो मावशी, एक शब्द सापडला." तिने माझ्याकडे असं पाहिलं की हिचं काही खरं नाही. मी तिथूनच नानांना फोन लावला. "नाना, त्या व्हीसीत अक्का काय म्हणाल्या? शब्दाला शब्द सांगा."

"अवो, काय म्हणाल्या म्हणजे? साहेबांनी विचारलं, तुमच्या मशीनवर यातली कोणकोणती सॉफ्टवेअरं चालू आहेत? ती घाबरी व्हयेल. म्हणे, बठ्ठा शेतस साहेब. साहेबांनी विचारलं, बट्टा? ती म्हणे, हो साहेब, बठ्ठाच. त्यात काय शे?"

त्यात काय शे! नानांना त्यात काहीच खटकलं नव्हतं, आणि खटकणार तरी कसं? त्या खोलीतल्या तिन्ही माणसांना बठ्ठा म्हणजे सगळे हे आईच्या दुधाबरोबर माहीत. पडद्यापलीकडच्या माणसाला माहीत तो बट्टा, नावाला लागतो तो. त्याने 'बट्टा?' असं विचारलं आणि अक्कांनी प्रामाणिकपणे 'हो' म्हटलं. 'ध'चा 'मा' होतो हे ऐकलं होतं, आमच्याकडे 'ठ'चा 'ट' झाला आणि एका बाईची सगळी नोकरी त्यावर टांगली गेली. एरंडोल येईपर्यंत मी एकटीच हसत होते, आणि मध्येच डोळे पुसत होते. ती म्हातारी पुढच्या स्टँडवर उतरताना मला म्हणाली, "जीवले जप वं माय."

दुसऱ्या दिवशी मी धावतच अक्कांपाशी गेले. वाटलं होतं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. पदर तोंडाला लावला आणि रडल्या. "म्हणजे माझ्या बोलीनेच मला बुडवलं. एवढी वर्षं तोंडात दाबून ठेवली, आणि नेमकी त्याच दिवशी निसटली."

"बोलीने नाही बुडवलं, अक्का," मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "मुंबईच्या कानाने बुडवलं. तुम्ही एका शब्दात खरं तेच सांगितलंत. सगळी चालू आहेत म्हणालात. आख्ख्या जिल्ह्यात हे खरं सांगू शकणाऱ्या तुम्ही एकट्या."

साहेबांनी पुन्हा व्हीसी मागून घेतली. या वेळी ते स्वतः बसले, मी बसले, नाना तर बोलावलं नसताना बसले. अक्का घरून वाक्य पाठ करून आल्या होत्या, 'महोदय, माझ्या संगणकावर सर्व प्रणाली कार्यरत आहेत असे मला म्हणावयाचे होते.' मी म्हटलं, "अजिबात नाही. त्या दिवशी जे म्हणालात तेच म्हणा. जसंच्या तसं." त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली.

पडद्यावर मुंबईचे अधिकारी आले. चेहऱ्यावरून थकलेला, सभ्य माणूस. मी उगाच इतके दिवस त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. त्यांनी विचारलं, "हं, बोला. तुम्हाला काय सांगायचंय?"

अक्का उभ्या राहिल्या. पदर खोचला. आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही विचारलं व्हतं कोणकोणती चालू आहेत. मी म्हटलं, बठ्ठा शेतस."

अधिकारी पडद्याकडे वाकले. मग, "बट्टा म्हणजे?"

नाना खुर्चीतून उठून कॅमेऱ्याच्या इतके पुढे गेले की पडद्यावर त्यांच्या मिशाच दिसल्या असतील. "सगळे, साहेब! बठ्ठा म्हणजे सगळे! ठ, ठ, ठसक्यातला ठ!"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि आधी स्वतःशीच आणि मग मोठ्याने हसायला लागले. हसू आवरल्यावर हात जोडून म्हणाले, "अक्का, मला माफ करा. मी विदर्भातला. आमच्याकडे हा शब्द नाही. मला वाटलं, बाई स्वतःच बट्टा लागल्याचं कबूल करताहेत, आता मी काय करणार." आणि मग एकदम थांबले. "एक मिनिट. सगळे म्हणजे किती?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मी बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक हात संपला, दुसऱ्या हातावर गेले. साहेब म्हणाले, "ते ई-मेलचं धरलं का?" नाना म्हणाले, "आणि ते दुपारचं, सुरक्षित आहात वालं?" पडद्यावरचे अधिकारी आता हसत नव्हते.

"आणि प्रत्येक जिल्ह्यात असंच?"

"असंच असणार, साहेब," मी म्हटलं. "फक्त सांगत कोणी नाही. लावायला तुमचा आदेश येतो, काढायला कोणाचाच येत नाही. आणि जिथे अक्कांसारखं सगळं ऐकणारं माणूस बसलंय, तिथे उद्या अशीच लाल खूण येणार." ते खाली मान घालून लिहीत राहिले. वरून कोणी आपलं बोलणं लिहून घेताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

चौकशी तिथल्या तिथे रद्द झाली. इतिवृत्ताचं शुद्धिपत्रक आलं, 'बट्टा' या शब्दाऐवजी 'बठ्ठा (सर्व)' असे वाचावे. सरकारी कागदावर बठ्ठा! नानांनी ते काचेखाली टेबलावर लावलं, अजून आहे.

आणि मग तो आदेश आला. पाडवा झाला होता, ऊन तापायला लागलं होतं. खात्याच्या सगळ्या कार्यालयांत सुरक्षेचं एकच सॉफ्टवेअर राहील, त्याचा अहवाल एकाच ठिकाणी जाईल, आणि बाकीची सर्व 'काढून टाकण्यात यावीत.' माझ्या नोकरीत 'काढून टाकण्यात यावीत' हे शब्द मी प्रथमच वाचत होते. मी ते उभं राहून मोठ्याने वाचले. नाना म्हणाले, "परत एकदा वाच वं माय, कानाला बरं वाटतं."

पुढचे काही आठवडे मी जावयांची पाठवणी करत जिल्हाभर फिरले. एकेक काढताना ते विचारायचं, नक्की काढायचं आहे का? नक्की. पुन्हा विचार करणार का? नाही. एकाने तर जाता जाता प्रश्नच टाकला, आपण आम्हाला का सोडत आहात, कृपया कारण सांगा. नाना मागे उभे होते. म्हणाले, "बघ बघ, जावई विचारतोय, माझं काय चुकलं?" शिरपूरच्या पोरांनी तर संगणक झटक्यात सुरू झालेला बघून टाळ्या वाजवल्या. मी कोणालाही रागावले नाही, इतकी मी त्या दिवसांत खुशीत होते. घरी आईला संशय आला, म्हणाली, "बढती मिळाली का गं?" कुठली बढती! डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, एवढंच.

अक्कांचा संगणक मी मुद्दाम शेवटी ठेवला. म्हटलं, "तुम्हीच दाबा." त्यांनी एकेक प्रश्न नीट वाचला, एकेका प्रश्नाला 'हो' दाबलं. तो चौथा आला तेव्हा क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "जा बाबा, तुझी पण काय चूक. तुला कोणी थांब म्हणालंच नाही." आणि दाबलं. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. तो लगेच आला. "अगं बाई!" अक्का म्हणाल्या, "हा एवढा चपळ होता होय?"

काही दिवसांनी एक इशारा आला, एकुलत्या एका चौकटीत. नानांनी भाच्याकडून आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये खरोखरच घाण होती. नाना बोट उचलून 'ठीक आहे' दाबायला निघाले आणि थबकले. कारण एकच चौकट होती, म्हणून त्यांनी ती वाचली. मला हाक मारली. वेळेत मारली. त्या दिवशी मी मनातल्या मनात मुंबईच्या अधिकाऱ्यांना आशीर्वाद दिला, मागे मोडलेली बोटं परत घेतली.

मेअखेर अक्कांचा निरोप समारंभ. धुळ्याचा मे महिना, पंखे गरम वारा फेकत होते, आणि तरी सगळ्यांनी मिळून वरण-बट्टी नि वांग्याच्या भाजीचा बेत केलेला. तुपात बुडवलेल्या बट्ट्या वाढताना नाना प्रत्येकाला तेच सांगत होते, "बट्टा गेला, बट्टी घ्या." तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी म्हटलं, "नाना, पुरे." ते म्हणाले, "इतके दिवस धास्तीत काढले, आता बोलू दे की."

साहेबांनी सकाळीच दाखल्यावर सही केली होती, कोणतीही चौकशी चालू अगर प्रस्तावित नाही. चहा पिता पिता नाही, नीट बसून केली. मुंबईच्या अधिकाऱ्यांनी स्वतःहून विचारलं होतं, मी पडद्यावर आलो तर चालेल का? ते आले. सगळ्यांची भाषणं झाली. मग अक्का उठल्या. हातात लिहून आणलेला कागद होता. 'मी आपणा सर्वांची ऋणी आहे' असं काही तरी इस्त्रीचं असणार, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांनी कागदाची घडी उघडली, पुन्हा घातली, पर्समध्ये ठेवली आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "साहेब, मन्हावर बट्टा नव्हता. मन्हा मशीनवर बठ्ठा व्हतात. आते एकच शे."

टाळ्या थांबेचनात. पडद्यावरचे अधिकारीही उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या खोलीत, त्या बाईच्या तोंडून 'शे' ऐकून कोणी हसलं नाही. मला हुंदका आला, मी लपवलाही नाही.

समारंभ झाल्यावर अक्का आपल्या टेबलाशी गेल्या. मी त्यांची पिशवी धरून मागे होते. त्यांनी संगणक बंद केला, किल्ल्या शिपायाकडे दिल्या, आणि पदराने ती लाकडी खुर्ची पुसायला लागल्या. पाठ, हात, खालचे पायसुद्धा. शिपाई धावत आला, "अक्का, राहू द्या, मी पुसतो ना."

"नको रे," त्या म्हणाल्या, "मन्हा धनीनी शे. जशी दिन्ही तशीच परत करस."

आणि खुर्ची टेबलाखाली सरकवून त्या माझ्याकडे वळल्या. "चल पोरी, तुझी बस जाईल."